हाडाशी जुळणारी काच आणि तिच्यातले मॅग्नेशियम

मॅग्नेशियमची फीत चिमट्यात धरून जाळून दाखवली नाही, असा विज्ञानशिक्षक विरळाच. डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश, मागे उरणारी पांढरी राख आणि ती राख पाण्यात कालवल्यावर निळा होणारा लाल लिटमस. एवढ्या तीन गोष्टींवरून मुलांच्या मनात मॅग्नेशियमची प्रतिमा पक्की होते. चटकन पेटणारा, स्वस्थ न बसणारा धातू. असा धातू मोडलेल्या हाडाला आधार म्हणून माणसाच्या शरीरात बसवावा, हे कोणाला सुचेल का?

सुचले होते. बेल्जियममधील शल्यचिकित्सक आल्बिन लाम्बॉट यांनी १९०६ च्या सुमारास एका सतरा वर्षांच्या मुलाच्या पायाचे न जुळणारे हाड मॅग्नेशियमच्या पट्टीने सांधले. पट्टी जागेवर धरण्यासाठी त्यांनी पोलाद वापरले होते. दुसऱ्याच दिवशी मुलाचा पाय सुजला, दुखू लागला आणि कातडीखाली वायूचे फुगे जमले. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे होऊन ती काढून टाकावी लागली. कारण आपल्याला आज सहज सांगता येते. मॅग्नेशियमची पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. शरीरातला द्रव खारट असल्याने विजेचा चांगला वाहक आहे. त्यात मॅग्नेशियम आणि पोलाद शेजारी आले की विद्युतघट तयार होतो आणि मॅग्नेशियम आणखी झपाट्याने झिजते. लाम्बॉट यांनी नकळत रुग्णाच्या पायात एक बॅटरीच बसवली होती.

ही जुनी गोष्ट सांगण्याचे कारण असे की, आज हाडाची पोकळी भरण्यासाठी ज्या विशेष काचा बनवल्या जातात त्यांपैकी अनेकांत मॅग्नेशियम मुद्दाम घातलेले असते. ते धातूच्या रूपात नसते. फीत जळल्यावर जी राख उरते, तेच ऑक्साइड काचेत वितळवलेले असते. म्हणजे मॅग्नेशियमने आपले दोन इलेक्ट्रॉन आधीच देऊन टाकलेले असतात, त्यामुळे पाण्यातून हायड्रोजन सोडवण्याचा प्रश्नच उरत नाही. तरीही या मॅग्नेशियमभोवती एक वाद बरीच वर्षे चालला. ते शरीराला मानवते की नाही, हा तो वाद. त्याचा इतिहास पाहिला की ‘शरीराला मानवणे’ या शब्दांचा अर्थच कसा बदलत गेला, ते दिसते.

बसमधला प्रश्न

विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत या शब्दांचा अर्थ सरळ होता. शरीरात बसवायचा पदार्थ गप्प बसला पाहिजे. तो गंजू नये, विरघळू नये, काही सोडू नये. गंजरोधक पोलाद, कोबाल्ट-क्रोमियमची मिश्रधातू आणि पुढे टायटॅनियम, हे सगळे याच कसोटीवर निवडले गेले. त्यांनी असंख्य लोकांना चालते केले, हे विसरून चालणार नाही. पण शरीर त्यांना आपले म्हणत नसे. परक्या वस्तूभोवती ते तंतुमय ऊतींचे एक पातळ वेष्टन विणते. काट्याभोवती कातडी निबर व्हावी, तसाच हा प्रकार. हाड आणि धातू यांच्यात ही मऊ गादी राहिली की सांधा हळूहळू हलू लागतो.

१९६७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच नावाचे एक तरुण संशोधक होते. तिशीही न ओलांडलेले. त्यांचा विषय वैद्यकाचा नव्हताच. किरणोत्साराच्या माऱ्यातही टिकून राहतील अशा काचेच्या अर्धवाहकांवर ते काम करत होते. न्यूयॉर्क राज्यातील सॅगामोर येथे सैन्याने भरवलेल्या पदार्थविज्ञान परिषदेला जाताना बसमध्ये त्यांच्या शेजारी क्लिंकर नावाचे एक कर्नल बसले होते. व्हिएतनामहून नुकतेच परतलेले आणि सैन्याच्या वैद्यकीय पुरवठा विभागातले. हेंच यांनी आपल्या कामाची माहिती उत्साहाने सांगितली. ती ऐकून घेऊन कर्नलांनी विचारले की, किरणांच्या माऱ्यात टिकणारा पदार्थ करता येत असेल, तर माणसाच्या शरीरात टिकणारा पदार्थ का करता येऊ नये? शरीर धातू आणि प्लॅस्टिक स्वीकारत नाही म्हणून जखमी सैनिकांचे हातपाय कापावे लागतात, ही त्यांची व्यथा होती.

ही हकीकत हेंच यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितली आणि लिहिली आहे. वारंवार सांगितलेल्या आठवणी घासूनपुसून गुळगुळीत होतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पण त्यानंतर घडलेल्या घटना कागदोपत्री आहेत. १९६८ मध्ये हेंच यांनी सैन्याच्या वैद्यकीय संशोधन विभागाकडे प्रस्ताव दिला आणि त्यांना एका वर्षासाठी पैसे मिळाले.

त्यांचा तर्क साधा होता. आपल्या ऊती धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या नाहीत, म्हणून शरीर त्या पदार्थांना परके मानते. हाडाचा खनिज भाग हायड्रॉक्सीॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. मग शरीरात गेल्यावर स्वतःच्या पृष्ठभागावर याच खनिजाचा थर तयार करणारा पदार्थ मिळाला, तर शरीर फसेल. फसेल म्हणण्यापेक्षा ओळख पटेल, असे म्हणू.

त्यासाठी त्यांनी काच निवडली, कारण काच हा त्यांचा विषयच होता. ज्या काचेला पुढे ‘४५एस५’ हे नाव पडले तिच्यात वजनाने शेकडा ४५ भाग सिलिका, २४.५ भाग सोडियम ऑक्साइड, २४.५ भाग कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ भाग फॉस्फरस पेंटॉक्साइड असते. आपल्या खिडकीच्या काचेत सिलिका ७२ च्या आसपास असते, हे शेजारी ठेवून पाहा. सिलिका हे काचेचे जाळे आहे. ते इतके विरळ केलेली काच कोणताही कारखानदार नापास करील, कारण ती पाण्यात टिकत नाही. हेंच यांना मात्र न टिकणारीच काच हवी होती.

नोव्हेंबर १९६९ मध्ये त्यांनी या काचेचे छोटे चौकोनी तुकडे टेड ग्रीनली या अस्थिशल्यचिकित्सकांकडे दिले. ग्रीनली यांनी ते प्रयोगशाळेतील उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी त्यांनी हेंच यांना फोन करून विचारले की हे तुकडे आहेत तरी कशाचे, ते हाडातून निघतच नाहीत. ओढून झाले, ढकलून झाले, हाड तडकले. पण तुकडा जागचा हलला नाही. १९७१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि जैवसक्रिय काच हा नवा विषय सुरू झाला.

काच हाडाला चिकटते कशी?

पहिली पायरी वर्गात दाखवता येते. साध्या बाटलीच्या काचेचा तुकडा खलात थोड्या पाण्याखाली ठेवून बारीक कुटावा. पाण्याखाली अशासाठी की काचेची धूळ नाकात जाता कामा नये; डोळ्यांवर चष्मा हवा आणि कुटण्याचे काम शिक्षकांनीच करावे. त्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले की पाणी गुलाबी होते. काच पाण्याशी काहीच करत नाही हा समज तिथेच मोडतो. काचेतले सोडियम आयन बाहेर पडतात, पाण्यातले हायड्रोजन आयन त्यांच्या जागी आत जातात आणि द्रावण आम्लारिधर्मी होते.

हेंच यांच्या काचेत हेच फार वेगाने घडते. सामू वाढला की सिलिकाच्या जाळ्यातले बंध तुटू लागतात. काही सिलिका विरघळते, बाकीची पृष्ठभागावर पुन्हा एकमेकींना जोडून एक सच्छिद्र, जेलीसारखा थर तयार करते. त्यावर काचेतले आणि रक्तद्रवातले कॅल्शियम व फॉस्फेट येऊन बसतात. प्रथम ते अस्ताव्यस्त असतात. मग त्यांत कार्बोनेट मिसळून हाडातल्यासारखे ॲपेटाइटचे स्फटिक तयार होतात. हे सारे काही तासांत सुरू होते. नंतर अस्थिपेशी येतात, कोलॅजेनचे धागे विणतात, ते धागे या स्फटिकांत गुंतत जातात आणि काच कुठे संपली व हाड कुठे सुरू झाले, हे सांगता येईनासे होते.

म्हणजे ‘मानवणे’ याचा अर्थ आता उलटा झाला. पदार्थाने गप्प न बसता शरीराशी बोलले पाहिजे. मात्र बोलण्यालाही मर्यादा आहे. सिलिका शेकडा ६० च्या वर गेली की काच हाडाला धरत नाही, कारण जाळे घट्ट होते. ॲल्युमिनासारखी काही ऑक्साइडे थोडी जरी घातली तरी चिकटण्याचा गुण जातो, हे जर्मनीतील ग्रोस आणि स्ट्रुन्झ यांनी दाखवले. मानवी वापरासाठी पहिली मान्यता १९८५ मध्ये मिळाली, ती कानातल्या इवल्याशा हाडांच्या जागी बसवायच्या तुकड्याला. सैनिकांच्या पायांसाठी काढलेली काच आधी कानात पोहोचली, याचे कारण तिचा ठिसूळपणा. मांडीच्या हाडाचा भार तिला पेलवत नाही.

मॅग्नेशियमचा प्रवेश

४५एस५ मध्ये मॅग्नेशियम नाही. ते आले ते शरीराच्या सोयीसाठी आले नाही, काच बनवणाऱ्यांच्या सोयीसाठी आले. खिडकीच्या काचेत डोलोमाइट घालून शेकडा चारच्या आसपास मॅग्नेशियम ऑक्साइड आणण्याची पद्धत आहे. त्यामुळे गरम काच काम करताना मध्येच स्फटिकरूप होत नाही आणि तयार काच जास्त टिकते. भट्टीवरचे हे शहाणपण जैवसक्रिय काचेतही उपयोगी पडले. १९७३ मध्ये जर्मनीत ‘सेराव्हायटल’ नावाचा काच-सिरॅमिक पदार्थ तयार झाला, त्यात सोडियम बरेच कमी केले होते आणि मॅग्नेशियम ऑक्साइड शेकडा २.९ होते.

महत्त्वाची उडी मात्र जपानची. क्योटो विद्यापीठातील तादाशी कोकुबो आणि अस्थिशल्यचिकित्सक ताकाओ यामामुरो यांनी १९८२ मध्ये ‘ए-डब्ल्यू’ नावाचे काच-सिरॅमिक मांडले. यातला ‘ए’ ॲपेटाइटचा आणि ‘डब्ल्यू’ वोलास्टोनाइट या कॅल्शियम सिलिकेटचा. मूळ काचेत शेकडा ४.६ मॅग्नेशियम ऑक्साइड होते. काचेचा अखंड ठोकळा तापवून स्फटिक वाढवले तर त्याला तडे जात. म्हणून त्यांनी काचेची भुकटी दाबून ती १०५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली. तयार पदार्थात ३८ भाग ॲपेटाइट, ३४ भाग वोलास्टोनाइट आणि उरलेले २८ भाग काच. मॅग्नेशियम या दोन्ही स्फटिकांत जात नाही, ते उरलेल्या काचेत गोळा होते. तिच्यात त्याचे प्रमाण शेकडा १६.६ होते. (२८ चे १६.६ टक्के काढा, ४.६ येते. विद्यार्थ्यांना हा ताळा करायला लावावा.) हा पदार्थ वाकवताना २१५ मेगापास्कलपर्यंत टिकतो, म्हणजे हाडाच्या कठीण भागाहून थोडा सरसच. जपानमध्ये १९९१ पासून तो मणक्यांच्या शस्त्रक्रियेत वापरला गेला. काच भार पेलत नाही, या तक्रारीला मिळालेले हे पहिले खरे उत्तर होते.

तिसरी वाट फिनलंडची. ४५एस५ तापवली की तिचे चटकन स्फटिक होतात. तिचे धागे ओढता येत नाहीत, भुकटी भाजून सच्छिद्र ठोकळाही नीट जमत नाही. तुर्कू येथील ओबो अकादमीत काय कार्लसन यांच्या गटातील मारिया ब्रिंक यांनी १९९७ मध्ये सोडियमचा काही भाग पोटॅशियमने आणि कॅल्शियमचा काही भाग मॅग्नेशियमने बदलून पाहिला. त्यातून ‘१३-९३’ ही काच मिळाली. सिलिका ५३, सोडियम ऑक्साइड ६, पोटॅशियम ऑक्साइड १२, मॅग्नेशियम ऑक्साइड ५, कॅल्शियम ऑक्साइड २० आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड ४ भाग. हिचे धागे निघतात, जाळ्या विणता येतात. हाडालाही ती धरते, फक्त जरा सावकाश.

बदनामी

या ‘सावकाश’ शब्दाने मॅग्नेशियमचे नाव खराब झाले.

प्रत्येक नवी काच प्राण्याच्या हाडात बसवून पाहणे खर्चाचे, वेळखाऊ आणि क्लेशकारक. म्हणून कोकुबो यांनी १९९० मध्ये एक द्रावण सुचवले. रक्तद्रवात जे आयन ज्या प्रमाणात असतात, जवळजवळ त्याच प्रमाणात ते पाण्यात घ्यायचे, सामू ७.४ च्या आसपास ठेवायचा, तापमान ३६.५ अंश. लिटरमागे सोडियम १४२ मिलीमोल, कॅल्शियम २.५, मॅग्नेशियम १.५, फॉस्फेट १ वगैरे. त्यात काच बुडवून ठेवायची आणि तिच्यावर ॲपेटाइट किती दिवसांत चढते ते पाहायचे. ही कसोटी इतकी सोपी निघाली की जगभर पसरली आणि २००७ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. हळूहळू व्यवहारात असे झाले की द्रावणात ॲपेटाइट लवकर चढले तर काच चांगली, उशिरा चढले तर वाईट.

या परीक्षेत मॅग्नेशियमयुक्त काचा अनेकदा मागे पडत. थर उशिरा येई, पातळ येई. कारण रसायनशास्त्रात आहे. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्या आयनांवरचा भार सारखाच, पण मॅग्नेशियमची त्रिज्या ०.७२ अँगस्ट्रॉम आणि कॅल्शियमची १.००. लहान आयन आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो. वाढत्या ॲपेटाइट स्फटिकाच्या पृष्ठभागावर तो जाऊन बसतो आणि पुढची रचना अडवतो. कॅल्शियम फॉस्फेट अस्ताव्यस्त अवस्थेतच रेंगाळते. त्यातून शोधनिबंधांत निष्कर्ष निघू लागले की मॅग्नेशियम जैवसक्रियतेला मारक आहे. काहींना मात्र नेमके उलटे आढळले. त्यांची काच मॅग्नेशियम घातल्यावर जास्त वेगाने विरघळली.

दोन्ही बाजू प्रामाणिक असताना असे का व्हावे? याचे एक उत्तर दहावी-अकरावीच्या रसायनशास्त्रात दडलेले आहे, आणि या लेखातला हाच भाग आम्हांला शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो. ‘कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम घातले’ म्हणजे नेमके काय केले? बऱ्याच प्रयोगशाळांत वजनाला वजन बदलले जाई. १० ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड काढायचे, १० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड घालायचे. पण कॅल्शियम ऑक्साइडचे रेणुवस्तुमान ५६.१ आणि मॅग्नेशियम ऑक्साइडचे ४०.३. काढले ०.१७८ मोल आणि घातले ०.२४८ मोल! सुमारे ३९ टक्के जास्त. असे प्रत्येक ऑक्साइड सिलिकाच्या जाळ्यात एकेक बंध तोडत असल्याने नव्या काचेचे जाळे आधीपेक्षा विरळ झाले. मग ती लवकर विरघळली, तर त्याचे श्रेय मॅग्नेशियमला द्यायचे की विरळ जाळ्याला? एका वेळी एकच चल बदलावे, हे आपण मुलांना सांगतो. इथे तराजूवर एकच चल बदललेले दिसत होते, काचेच्या आत मात्र दोन बदलली होती.

मोलला मोल बदलूनही सगळे सरळ होत नाही. लंडनमधील वॉट्स, हिल, ओडोनेल आणि लॉ यांनी २०१० मध्ये असे बदल करून काचेची आतली रचना चुंबकीय अनुस्पंदनाने तपासली. मॅग्नेशियमचा बहुतेक भाग कॅल्शियमसारखाच जाळे तोडतो, पण शेकडा १४ च्या आसपास भाग सिलिकॉनप्रमाणे चार ऑक्सिजनांच्या मधे बसून स्वतःच जाळ्याचा सदस्य होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे जाळे किंचित घट्ट होते. पुन्हा तोच लहान आयन, तीच घट्ट पकड. एकच घटक थोडा तोडणारा आणि थोडा जोडणारा असला, तर उरलेली काच कशी आहे यावर निकाल फिरणारच.

चंचुपात्र आणि शरीर

दुसरे उत्तर कसोटीतच आहे. चंचुपात्र बंद असते. काचेतून निघालेले मॅग्नेशियम त्याच पाण्यात साठत जाते आणि तासागणिक ॲपेटाइटला जास्त अडवते. शरीरात रक्त वाहते असते; ते जादा आयन वाहून नेते, कॅल्शियम व फॉस्फेटचा पुरवठा करत राहते. शिवाय त्या द्रावणात प्रथिने नाहीत आणि पेशी नाहीत. स्वित्झर्लंडमधील बोनर आणि लमेत्र यांनी २००९ मध्ये उघडच विचारले की, जैवसक्रियता अशा द्रावणात मोजता येते का? ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारखा पदार्थ या परीक्षेत बहुधा नापास होतो आणि हाडाला मात्र धरतो, हे त्यांच्या आक्षेपांपैकी एक. आमच्या मते हा आक्षेप योग्य होता. कोकुबो यांची कसोटी निरुपयोगी नव्हे; शेकडो काचांतून आशादायक चार निवडायला ती उत्तम आहे. तिने अंतिम निकाल द्यावा, ही अपेक्षा मात्र चुकीची होती. आपल्याकडच्या परीक्षांबद्दल इथे काही लिहायचा मोह आम्ही आवरतो.

पेशींना विचारले तेव्हा उत्तर निराळे आले. आपल्या शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते आणि त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत असते. पेशी एखाद्या पृष्ठभागाला धरते ती तिच्या आवरणातल्या इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांच्या साहाय्याने, आणि त्या प्रथिनांची पकड बसायला मॅग्नेशियमसारखा दोन भारांचा आयन लागतो. सिडनीच्या हाला झ्रेकात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ॲल्युमिनाच्या पृष्ठभागात मॅग्नेशियम आयन रोवले, तेव्हा त्यावर मानवी अस्थिपेशी अधिक चांगल्या चिकटल्या. ॲल्युमिना म्हणजे शरीराशी काहीही न बोलणारा पदार्थ. त्याला मॅग्नेशियमने बोलते केले. मॅग्नेशियमचा आहार तोडलेल्या उंदरांची हाडे ठिसूळ होतात, हे तर पूर्वीच माहीत होते.

याच सुमारास हेंच यांच्याही विचारांत बदल झाला. ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेले होते. तिथे २००० आणि २००१ मध्ये असे दिसले की काचेतून निघालेले सिलिकॉन व कॅल्शियम अस्थिपेशींतील काही जनुकांना कामाला लावतात. म्हणजे ॲपेटाइटचा थर ही अर्धीच गोष्ट. विरघळणारे आयन स्वतःच संदेश असतात. २००२ मध्ये त्यांनी आणि ज्यूलिया पोलाक यांनी ‘सायन्स’ या साप्ताहिकात तिसऱ्या पिढीचे जैवपदार्थ ही कल्पना मांडली. (मुलांसाठी ‘बोइंग-बोइंग’ नावाच्या यांत्रिक मांजराच्या गोष्टी लिहिणारे हेंच ते हेच. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.) आयन हा संदेश मानला की मॅग्नेशियमकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ॲपेटाइट उशिरा चढले हा दोष न राहता, कोणत्या वेगाने किती मॅग्नेशियम सुटते हा प्रश्न मुख्य होतो. २०१२ मध्ये एर्लांगेन येथील आल्डो बोकाचिनी आणि सहकाऱ्यांनी मॅग्नेशियमयुक्त जैवसक्रिय काचांचा स्वतंत्र आढावा घेतला, तो याच अंगाने. त्यातही एक टोक सांभाळावे लागते. मॅग्नेशियम फार वाढले तर अस्थिपेशी कॅल्शियम फॉस्फेट जमवण्यात मागे पडतात. थोडे मानवते, जास्त मानवत नाही. मीठ काय आणि मॅग्नेशियम काय.

लाम्बॉट यांचा धातूही पुन्हा परतला आहे. शुद्धता आणि मिश्रण यांवर ताबा आल्यावर जर्मनीत तयार झालेल्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या स्क्रूंना २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. काम झाले की ते शरीरात हळूहळू विरून जातात, दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही.

काचेच्या बाजूला फिनलंडच्या १३-९३ ला अमेरिकेत एक भावंड मिळाले. मिसुरी राज्यातील रोला येथे डेल्बर्ट डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काचेतली सगळी सिलिका काढून तिच्या जागी वजनाला वजन बोरॉनचे ऑक्साइड घातले. बाकीची कृती तशीच ठेवली, मॅग्नेशियम ऑक्साइडचे ५ भागही तसेच. ही काच पाण्यात आणखी झपाट्याने बदलते. तिचे धागे काढले की जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखा मऊ पुंजका तयार होतो. तो हाडात बसवायचा नसतोच. मधुमेही रुग्णांच्या पायावरच्या, महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांत तो भरतात. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. जखम भरत जाते तसतसा पुंजका विरत जातो आणि त्यातले कॅल्शियम, बोरॉन, मॅग्नेशियम आसपासच्या ऊतींत मिसळून जाते.